पुलीवरची खूण आणि टाकीतली नळी

(सांगलीत गॅरेजचालक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. येताना हा पिस्टन सोबत आणलाय. पुढच्या रांगेपासून हातोहात मागपर्यंत जाऊ द्या. माथा बघा, स्वच्छ आहे. भोक नाही, कुठं वितळलेलं नाही. आता पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या खाचांमधली भिंत बघा. नखाएवढा तुकडा उडालाय तिथून.

हे इंजिन मी स्वतः बांधलं होतं. १३०० सीसी, चार सिलिंडर, बोअर नवीन, रिंगा नवीन आणि वर टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा. गाडी साताऱ्याची. यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरला भार पडला, आधी बारीक टणटण ऐकू आली आणि दुसऱ्या वळणापर्यंत मागं निळा धूर. त्या वेळी माझ्या मांडीवरच्या लॅपटॉपवर टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या किती आधी ठिणगी पडते ते, दिसत होतं १४ डिग्री. टायमिंग लाईट, म्हणजे ठिणगीसरशी चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा, लावून मीच जुळवलं होतं ते. इंजिन उतरवून मोजल्यावर कळलं, खरं टायमिंग होतं २०.

सहा डिग्री आल्या कुठून? पुलीतून. क्रँकची, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची, पुली एका तुकड्याची नसते बऱ्याच इंजिनांत. मधला गट्टा वेगळा, बाहेरची रिंग वेगळी, मध्ये रबर. क्रँकचे हादरे गिळायला ते रबर असतं. जुनी पुली, वर्षानुवर्षं ऑइल पिऊन रबर सैल झालेलं, आणि मी ती धुऊन-पुसून तशीच नव्या इंजिनाला लावली. बाहेरची रिंग सरकली, आणि टायमिंगची खूण असते बाहेरच्याच रिंगेवर. १४० मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर एक डिग्री म्हणजे कडेला जेमतेम १.२ मिलिमीटर. रिंग सात मिलिमीटर सरकली की सहा डिग्री गेल्या. डोळ्यांना काहीच दिसत नाही. लाईट त्या खुणेवर पडतो, आपण समाधानानं मान हलवतो.

म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे: नवीन बांधलेल्या टर्बो इंजिनात स्क्रीनवरचा आकडा ही ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, समजूत असते. ठिणगी खरंच कधी पडते आणि पेट्रोल खरंच किती दाबानं येतं, हे लोखंडावर मोजल्याशिवाय मॅपला, म्हणजे त्या कॉम्प्युटरमधल्या पेट्रोल-टायमिंगच्या तक्त्याला, हात लावू नका.

टीडीसी, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तो बिंदू, शोधायची आपल्याकडची रीत काय? प्लग काढायचा, भोकात स्क्रू-ड्रायव्हर सोडायचा, तो सगळ्यात वर आला की टीडीसी. ही रीत सोडा. पिस्टन वर पोचतो तेव्हा तो जवळजवळ थांबलेलाच असतो. ७५ मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात टीडीसीपासून पाच डिग्री फिरवलं तर पिस्टन किती हलतो? ०.२ मिलिमीटरसुद्धा नाही. स्क्रू-ड्रायव्हरवर ठेवलेल्या बोटाला ते कसं कळणार?

पिस्टन स्टॉप वापरा. एक नंबरच्या प्लगच्या जागी स्टॉप बसवायचा, म्हणजे पिस्टन वर पोचायच्या आधीच अडेल. पान्यानं क्रँक हातानं हळू फिरवा. अडला की पुलीवर खूण करा. उलट फिरवा, दुसऱ्या बाजूनं अडेल, तिथं दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा टीडीसी. अडतो त्या ठिकाणी पिस्टन चांगल्या वेगानं हलत असतो, म्हणून खूण नेमकी मिळते. सगळे प्लग काढून ठेवा, आणि स्टॉप आत असताना स्टार्टरला हात लावू नका. नाहीतर माझ्यासारखा पिस्टन हातात येईल, फक्त भोक माथ्याला असेल.

टीडीसी मिळाला की ईसीयूमध्ये टायमिंग १० डिग्रीवर लॉक करा आणि लाईट मारा. डायलचा लाईट असेल तर डायल शून्यावर ठेवा आणि डिग्रीच्या खुणा पुलीवरच आखा. ज्या इंजिनात एक कॉइल दोन प्लगना प्रत्येक फेरीला ठिणगी देते, तिथं डायलचा आकडा फसवतो.

इथवर बरेच जण करतात. पण आयडलला जुळलं की लाईट गुंडाळून ठेवतात, तसं करू नका. टायमिंग लॉक असतानाच इंजिन ४००० आरपीएमपर्यंत न्या. खूण गोंदानं चिकटवल्यासारखी जागेवर राहिली पाहिजे. सरकत असेल तर सिग्नल उशिरा पोचतोय किंवा क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागल्यात. मॅग्नेटिक सेन्सरमध्ये ही चूक फार होते, कारण गाडी स्टार्ट होते, आयडलही बरा बसतो. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाचा उशीर धरा. १००० आरपीएमला तो अर्ध्या डिग्रीच्या आसपास, ६००० ला साडेतीन डिग्रीच्या वर.

तुम्ही म्हणाल, जुन्या साध्या इंजिनात पाच-सहा डिग्री इकडं-तिकडं असल्या तरी गाडी चालायचीच की. चालायची. थोडं नॉक, म्हणजे टणटण, करायची, आपण ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हलवायचो. बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो हवा कोंबत असताना, सिलिंडरात हवा जास्त, ती आधीच तापलेली. ज्योत एका बाजूनं येत असताना कोपऱ्यात दाबलं गेलेलं मिश्रण स्वतःहून पेट घेतं, आणि तो धक्का या रिंगेच्या भिंतीवर बसतो. मग काही जण घाबरून टायमिंग फारच रिटार्ड, म्हणजे उशिरा, ठेवतात. त्यानं नॉक थांबतं, पण जाळ उशिरापर्यंत चालतो, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड लालभडक होतो, टर्बो भाजतो आणि गाडीत जीव राहत नाही.

आता पेट्रोलकडं येतो. हे सांगलीत समजावून सांगायला मला सगळ्यात सोपं जातं. कृष्णेवर मोटर बसवलेल्या माणसाला विचारा: हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, वाढलं की पाणी कमी. फ्युएल पंपाचं तेच. तीन बारला जेवढं पेट्रोल देतो तेवढं चार बारला देत नाही. आणि शेतात व्होल्टेज पडलं की मोटर पाणी ओढत नाही, तसं टाकीतल्या पंपाचंही होतं. बॅटरीवर १३.८ व्होल्ट दिसतात म्हणून खूश होऊ नका. मल्टिमीटर पंपाच्या टर्मिनलला लावा, तेही पंप लोडवर असताना. जुन्या बारीक वायरीतून तिथं साडेअकरा पोचलेले मी पाहिलेत. जाड वायर, स्वतंत्र रिले आणि चांगलं अर्थिंग, एवढ्यानं पंप बदलायचा वाचतो.

तासगावकडं द्राक्षबागेत फवारणी केलेली असेल तुम्ही. नोझलमधून किती औषध पडणार हे पंपाच्या दाबावर ठरतं, कारण नोझलसमोर मोकळी हवा असते. इंजेक्टरसमोर मोकळी हवा नसते, इंजिनात हवा नेणारा मॅनिफोल्ड असतो. मागं रेलचा, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या पाईपाचा, दाब, पुढं मॅनिफोल्डचा, या दोन्हींतल्या फरकावर इंजेक्टर चालतो. म्हणून पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डची नळी जोडायची. नळी काढून तीन बार लावा. नळी जोडल्यावर आयडलला व्हॅक्यूममुळं साधारण २.४ दिसेल. ०.७ बार बूस्टला ३.७ दिसलंच पाहिजे. दाब तीनवरच अडकला, तर इंजेक्टरला मिळाला २.३. पेट्रोल वर्गमुळाच्या हिशेबानं कमी होतं, म्हणजे सुमारे १२ टक्के. तुम्ही ०.८० ठेवलेला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; आकडा वाढला की पेट्रोल कमी) ०.९१ झाला, तोही नेमका पूर्ण बूस्टला. वरून सहा डिग्री टायमिंग जास्त असेल तर या पिस्टनचं काय झालं असतं ते सांगायला नको. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत रेग्युलेटर टाकीतच असतो आणि त्याला मॅनिफोल्डची नळीच नसते. अशा गाडीला टर्बो लावताना हा हिशेब आधी सोडवा.

या नळीत एक खोच आहे. ब्रेक बूस्टरच्या पाईपवरून टी मारून रेग्युलेटरला नळी देतात. त्या पाईपात वन-वे व्हॉल्व्ह असतो. व्हॅक्यूम त्यातून जातं, बूस्ट जात नाही. टी व्हॉल्व्हच्या पलीकडं बसला तर आयडलला गेजवर सगळं छान आणि बूस्टला दाब वाढतच नाही. नळी थेट मॅनिफोल्डवरून घ्या, दोन्ही टोकांना क्लिप मारा.

आता एक गाडी, जिनं माझे आठ दिवस घेतले. उभ्या गाडीत दाब बरोबर, रेस केल्यावरही बरोबर. रस्त्यावर चार हजारांच्या पुढं ३.७ ऐवजी ३.१. पंप नवीन टाकला, तेच. फिल्टर बदलला, तेच. पंपाला व्होल्टेज पूर्ण. शेवटी टाकी उघडून पंपाचा अख्खा होल्डर बाहेर काढला आणि बाकावर उजेडात धरला. पंपापासून वरच्या पाईपापर्यंत बोटभर रबरी नळी असते. कुणीतरी मागं साधी पेट्रोलची नळी कापून बसवली होती. आतून-बाहेरून पेट्रोलात बुडून ती फुगून मऊ झालेली, आणि क्लिपच्या खाली, वरून दिसणार नाही अशी उभी चीर. दाब वाढला की चीर उघडायची, पेट्रोल परत टाकीतच पडायचं. बाहेर थेंब नाही, वास नाही. बुडून राहण्यासाठी बनवलेली नळी वेगळी असते, तिच्यावर जे-३० आर-१० असं छापलेलं असतं. तीच घ्या, महाग पडली तरी.

त्या दिवसापासून मी रेलवर दाबाचा सेन्सर कायमचा बसवतो आणि रेलचा दाब उणे मॅनिफोल्डचा दाब ही एकच रेघ लॉगमध्ये बघतो. रेघ सपाट असली पाहिजे. ती जिथं वाकते तिथं मॅप बदलायचा नाही, कारण शोधायचं.

आणखी एक. लॅम्डा लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दिसला की लगेच पेट्रोल वाढवू नका. मिसफायर झाला, म्हणजे मिश्रण पेटलंच नाही, तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत जातो आणि रीडिंग लीन येतं. बूस्टमध्ये प्लगचा गॅप १.१ मिलिमीटर ठेवला तर ठिणगी विझते. ०.७ च्या आसपास आणा, मग बघा. आणि आपण उसाच्या पट्ट्यात राहतो, तर पेट्रोलमधल्या २० टक्के इथेनॉलचाही विचार करा. त्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते, म्हणून साध्या पेट्रोलवर केलेला मॅप त्यावर सात-आठ टक्के लीन जातो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, हा आकडा डोक्यातून काढा, लॅम्डात बोला.

साताऱ्याची ती गाडी दुसऱ्यांदा बांधली तेव्हा नवीन पुली लावली, आणि गट्ट्यापासून बाहेरच्या रिंगेपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारली. रिंग सरकली तर रेघ तुटलेली दिसेल. मालक अजून दर सर्व्हिसला बॉनेट उघडून आधी ती रेघ बघतात.

मागं टेबलावर पिशवीत जुन्या प्लगपासून बनवलेले दहा-बारा स्टॉप ठेवलेत. पोर्सिलेन फोडून आत गोल टोकाचा बोल्ट बसवलाय, हवा जायला मध्ये भोक आहे. ज्यांच्याकडं इंजिन उघडं पडलंय त्यांनी जाताना एकेक घेऊन जा. आणि तो पिस्टन मागच्या रांगेतून परत इकडं द्या, उद्या गॅरेजमध्ये पोरांना दाखवायचाय.