पहिला मेसेज कुणी करायचा?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या दिवाळीत माझी भाची दांडिया बाजारातल्या आमच्या घरी राहायला आली होती. सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी. रात्री भांडी विसळताना हळूच म्हणाली, "मावशी, डेटिंग ॲपवर एक मुलगा आवडलाय. पण पहिला मेसेज मी केला तर तो मला फॉरवर्ड समजेल का गं?"

माझे हात थांबले. दिवसभर ऑफिसात दहा माणसांना कामं सांगणारी ही मुलगी, दोन ओळी लिहायला घाबरत होती.

2014 साली बंबल नावाचं ॲप निघालं. मुलगा-मुलगी जुळले की पहिला मेसेज मुलीनेच करायचा, तोही चोवीस तासांत, असा त्याचा नियम. 2024 मध्ये त्यांनी तो सैल केला: मुलीने एक प्रश्न आधीच लिहून ठेवायचा, मुलाने त्याला उत्तर देऊन सुरुवात करायची. मला नवल वाटलं नाही. 'आपण होऊन बोलू नये' हे ऐकत मोठ्या झालेल्या मुलीला ॲपचा नियम किती धीर देणार?

मग मी तिला आपल्या बडोद्याचीच गोष्ट सांगितली. सयाजीराव महाराजांची कन्या इंदिराराजे. लग्न ठरलं होतं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. ते तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठे, आणि त्यांचं एक लग्न झालेलं. 1911 च्या दिल्ली दरबाराच्या सुमाराला तिचं मन कूचबिहारच्या राजपुत्रावर, जितेंद्रांवर जडलं. आणि या एकोणीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या हाताने शिंद्यांना पत्र लिहून लग्नाला नकार कळवला. वडिलांकरवी नाही, मध्यस्थाकरवी नाही. 1906 साली मुलींसकट सगळ्यांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारे सयाजीराव, पण मुलीच्या या निर्णयाला त्यांचाही कडाडून विरोध होता. शेवटी 1913 मध्ये लंडनला तिने जितेंद्रांशीच लग्न केलं.

भाची म्हणाली, "अगं, ती राजकन्या होती." खरं आहे. पण राजकन्येवर दोन संस्थानांच्या अब्रूचा भार होता, तोही कमी नव्हता.

मला त्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही की, समोरच्या माणसाला उत्तर मिळालं. आज काय होतं? तीन आठवडे रोज बोलणं, आणि एक दिवस अचानक शांतता. मुलं करतात, मुलीही करतात. मुली म्हणतात, तोंडावर नाही म्हटलं की तो चिडतो, शिव्या देतो, फोटो पसरवायची धमकी देतो. ही भीती खोटी नाही, आणि ती घालवण्याचं काम मुलांचं आहे. नकार ऐकून शांतपणे 'बरं' म्हणणं आपण घरात मुलग्यांना शिकवतच नाही.

मुलग्यांचंही मला वाईट वाटतं, अगदी मनापासून. माझ्या भाच्याने अलकापुरीतल्या कॅफेत बिल भरायला मोबाईल काढला, त्याआधीच मुलीने स्कॅन करून पैसे दिले होते. घरी आला तो खाली मान घालून. त्यात त्याची आई म्हणाली, "म्हणजे तिला तू आवडला नाहीस!" पोरगी तेवढेच पैसे कमावते, मग तिने कॉफी पाजली तर बिघडलं काय? सुरुवात त्याने करायची, खर्च त्याने करायचा, घरी सोडायचं त्याने, आणि मन धडधडतंय हे मात्र बोलायचं नाही. किती दिवस वाहायचं हे ओझं एकट्याने?

भाचीने त्याच रात्री मेसेज केला: 'रविवारी सकाळी कमाटीबागेत फिरायला येशील? नंतर सेव-उसळ माझ्याकडून.' तो आला. महिनाभर भेटले. मग त्यानेच समोर बसून सांगितलं, "तू छान आहेस, पण माझं मन तेवढं गुंतत नाहीये." ती माझ्याकडे येऊन पोटभर रडली. पण फोनकडे बघत बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा भरून ऑफिसला गेली.