आयर्विनला पाणी किती, शुक्रावर ऊन किती
(सांगलीतल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पावसाळ्यात आपल्याकडे पै-पाहुण्यांचा फोन आला की पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. "आयर्विनला पाणी किती?" हाच असतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ साली आकडा ५७ च्या घरात गेला, तेव्हा काय झालं ते या सभागृहात कुणाला सांगायची गरज नाही. पुण्यात बसलेला आपला पोरगा नुसत्या आकड्यावरून सांगतो की गावभागात अमुक गल्लीत पाणी आलं असणार. पण समजा, कुणी त्याला अंकलीच्या पुलाचा आकडा आयर्विनचा म्हणून सांगितला, तर? आकडा खराच, पण त्याचा सगळा हिशेब चुकला. एवढी एक गोष्ट मनात ठेवा, कारण शुक्राच्या बाबतीत शास्त्रज्ञांचं अगदी हेच झालं होतं.

शुक्र आपला सख्खा शेजारी. आकारमानाने जवळजवळ पृथ्वीएवढा, आणि फार जवळ आला तर चार कोटी किलोमीटरवर. पंचांगात त्याचा अस्त झाला की आपल्याकडे लग्नाचे मुहूर्त थांबतात, इतका तो आपल्या घरातला. पण दुर्बिणीतून बघा, नुसता पांढरा गोळा. बारा महिने ढग. मग लोकांनी तर्क लढवला: ढग आहेत म्हणजे पाणी आहे, पाणी आहे म्हणजे खाली दलदल असेल, जंगल असेल. काहीच दिसत नाही यावरून एवढं सगळं काढलं, याचं मला फार कौतुक वाटतं!

१९३२ मध्ये माउंट विल्सनच्या वेधशाळेत ॲडम्स आणि डनहॅम यांनी शुक्राच्या उजेडाचा वर्णपट घेतला, म्हणजे उजेड फोडून पट्ट्यापट्ट्यांनी बघितला. प्रत्येक वायू त्यातले आपले ठरावीक पट्टे खातो. त्यात काही पट्टे खाल्ल्यासारखे काळे होते. ते कार्बन डायऑक्साइडचे निघाले. पाण्याचा मागमूस लागला नाही.

आता उष्णतेकडे येतो. गुऱ्हाळावर गेलात तर चुलवाणाला हात लावावा लागत नाही. दहा पावलांवरून गालाला धग कळते. तापलेली वस्तू उजेड देवो न देवो, लहरी सोडतेच, आणि त्यातल्या रेडिओ लहरी ढगांतूनही आरपार येतात. १९५६ मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी या लहरी पकडणारी ५० फुटी तबकडी शुक्राकडे वळवली. धग निघाली ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास! पुष्कळांचा विश्वास बसला नाही. ते म्हणाले, ही धग जमिनीची कशावरून? वर, वातावरणाच्या माथ्यावर, विद्युतभारित कणांचा थर असेल. त्याच लहरी तुम्ही मोजताय. खाली थंडगार असेल. शंका रास्त होती. आकडा आला होता, पण तो कुठल्या पुलाचा?

हे भांडण कसं मिटलं ते बघण्यासारखं आहे. डिसेंबरात पहाटे आयर्विनवर उभे राहा. धुकं असतं. सरळ खाली बघितलं तर पाणी दिसतं, पण तिरकं घाटाकडे बघितलं तर नुसतं धुकं, कारण तिरक्या नजरेला जास्त धुक्यातून जावं लागतं. शुक्राचंही तसंच. लहरी खालच्या तापलेल्या जमिनीच्या असतील तर गोळ्याच्या मध्यभागी धग जास्त दिसेल, आणि कडेला कमी, कारण कडेला नजर तिरकी जाते आणि वरच्या थंड हवेतच अडकते. उलट लहरी वरच्या थराच्या असतील तर कडेलाच तो थर जाड दिसेल आणि कडा उजळ दिसतील. १४ डिसेंबर १९६२ ला अमेरिकेचं मरिनर २ हे यान शुक्राजवळून गेलं. त्यानं गोळ्यावर तीनच रेघांवरून धग मोजत नेली. तीन! कडा मंद निघाल्या. म्हणजे तापली होती ती खालची जमीन.

मग रशियनांनी थेट आत उडी घेतली. १८ ऑक्टोबर १९६७ ला त्यांचं व्हेनेरा ४ हे यान पॅराशूटने उतरत उतरत आकडे पाठवत राहिलं आणि गप्प झालं. शेवटचं तापमान २६० अंशांच्या पुढं, दाब पृथ्वीच्या साधारण २० पट. यान जमिनीवर टेकलं, हाच जमिनीवरचा आकडा, असं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेचं मरिनर ५ शुक्राच्या मागून गेलं. मागे जाताना त्याचा संदेश शुक्राच्या हवेतून वाकून आला. किती वाकला त्यावरून हवेची दाटी काढता येते. रडारनं शुक्राची त्रिज्या आधीच मोजलेली होती. दोन्ही हिशेब जुळवले तेव्हा लक्षात आलं की व्हेनेरा ४ जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटर वरच बंद पडलं होतं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. आपण आकडा भलत्या पुलावर लिहिला होता.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रसंग व्हेनेरा ७ चा. १५ डिसेंबर १९७०. उतरताना पॅराशूट फाटलं आणि यान आपटलं. संदेश बंद. मेलं, असं सगळ्यांनी धरलं. पण टेप होत्या. काही दिवसांनी त्या पुन्हा तपासल्या तर खरखरीच्या तळाशी एक क्षीण आवाज सापडला, २३ मिनिटांचा, ताकद नेहमीच्या शंभराव्या हिश्शाएवढी. यान बहुधा कुशीवर पडलं होतं, अँटेनाचं तोंड भलतीकडं. त्यात माहिती बदलून पाठवणारा स्विच अडकलेला, त्यामुळे फक्त तापमान येत होतं: ४७५ अंश. दाब आलाच नाही. तो कसा काढला? यान पडतंय तोवर तापमान वाढत गेलं आणि एका क्षणी थबकलं. तिथं जमीन! पडण्याचा वेग रेडिओ लहरींच्या बदलावरून ठाऊक होता. त्यावरून हिशेब करून दाब आला पृथ्वीच्या सुमारे ९० पट. आपल्या घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी साधारण दुप्पट असतो.

पुढच्या व्हेनेरांनी फोटो पाठवले, तपकिरी चपट्या दगडांचे. १९८२ मधल्या व्हेनेरा १४ ची गंमत सांगतो. मातीचा टणकपणा मोजायला एक स्प्रिंगचा हात खाली पडायचा होता. कॅमेऱ्याचं झाकण उडून नेमकं त्या हाताखाली येऊन पडलं. कोट्यवधी किलोमीटर जाऊन गड्यानं स्वतःच्याच झाकणाचा टणकपणा मोजला.

१९९० ते ९४ मध्ये मॅगेलन यानानं रडारनं ढगांखालचा जवळजवळ सगळा शुक्र उतरवून घेतला. तिथल्या जागांना बहुतेक बायकांची नावं देतात. एका विवराचं नाव आनंदीबाई जोशींवरून ठेवलंय आणि एकाचं पंडिता रमाबाईंवरून, 'मेधावी' म्हणून. एक पठार चक्क लक्ष्मीचं आहे.

याच मॅगेलनच्या जुन्या चित्रांत २०२३ मध्ये एक गोष्ट सापडली. मात मॉन्स नावाच्या ज्वालामुखीचं एक तोंड फेब्रुवारी १९९१ मध्ये दोन चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते जवळपास दुप्पट झालेलं. तीस वर्षं चित्रं पडून होती. पण दोन्ही चित्रं वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली, म्हणून पहिला प्रश्न तोच जुना: तोंड खरंच बदललं की नुसता कोन? संगणकावर निरनिराळे आकार करून बघितले. कोनानं एवढा फरक पडत नाही असं ठरलं. म्हणजे शुक्र अजून जागा आहे. आपल्या इस्रोच्या शुक्र मोहिमेलाही २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, उड्डाण मार्च २०२८ मध्ये धरलंय. ढगाखाली बघणारं रडार त्या यानावरही असणार आहे.