फॉरेनचा प्लेअर

(दृश्य: शाहू स्टेडियम, सकाळचा सराव)

फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की कोल्हापुरातल्या तालमी, म्हणजे इथले फुटबॉल संघ, परदेशी खेळाडू आणतात, त्यांत आफ्रिकेतलेही असतात. म्हणून काळा, कुरळ्या केसांचा उंच माणूस दिसला की पेठेतल्या पोरांचा अंदाज ठरलेला: नायजेरियन, स्ट्रायकर!

याच गैरसमजावर आपण सहा मिनिटांची विनोदी फिल्म करतोय. तिच्यातला माणूस मात्र सिद्दी आहे, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पंपाचा इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, घ्यायला आलाय. त्याच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलं, त्याला कैक पिढ्या उलटल्या. त्याला कोकणी, कन्नड, मराठी तिन्ही येतात. १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतो. तरी सिद्दी माणूस समोर आला की विचारतात, "यू फ्रॉम?"

(दृश्य: एसटीची खिडकी, मांडीवर पिशवी)

नवखे लेखक त्याचं मराठी शेवटच्या पानासाठी राखून ठेवतात आणि फिल्म तिथंच फसते. तोवर प्रेक्षकालाही तो परदेशीच वाटतो, म्हणजे पाच मिनिटं आपण त्याच्या रूपावर हसलो. पहिल्या २० सेकंदांतच त्याला फोनवर बोलू द्या: "व्हय बाबा, जुना इंपेलर नमुन्याला घेतलाय." आता पोरं चुकली की हसू येतं ते त्यांच्या घाईचं. तो खरं सांगायला तोंड उघडतो, तेवढ्यात कुणी चहा पुढं करतं, कुणी मोठ्या मापाचे बूट शोधायला पळतं. बूट आहेत का म्हणून पिशवी उघडतात, तर आत वंगणानं माखलेला, पाती झिजलेला इंपेलर. हा क्लोजअप घाईत उरकू नका. आणि पोरांना दुष्ट करू नका. पाहुणचार मनापासूनचा आहे, म्हणूनच गैरसमज जास्त टोचतो.

भूमिकेला सिद्दी नटच हवा. रंग फासलेला नट घ्यायचा असेल तर ही फिल्म करूच नये.

(दृश्य: तालमीची पांढरी भिंत, हातात थर्माकोल)

उन्हातल्या पांढऱ्या भिंतीपुढं ऑटोवर शूट केलं तर कॅमेरा भिंत सांभाळतो आणि चेहऱ्यावरचे भाव बुडतात. एक्स्पोजर चेहऱ्यावर मोजून लॉक करा, मागं सावलीतली भिंत घ्या, तीन-चार फुटांवरून थर्माकोलनं बाजूनं उजेड टाका. कपाळाची चमक राहू द्या. फिक्या पावडरीनं त्वचा राखाडी दिसते.

एडिटला गमतीदार आवाज टाकू नका. "यू फ्रॉम?"नंतर त्याच्या चेहऱ्यावर १५-२० फ्रेम जास्त थांबा, तेवढं पुरतं.

शेवटी त्याच्याकडून गोल मारून घ्यायचा मोह होतो. मारला, की पोरांचा अंदाज खराच ठरला! त्याची किक जाऊ दे मैदानाबाहेर, आणि त्याला नवा इंपेलर घेऊन एसटी गाठू दे.

रफ कट, म्हणजे एडिटची पहिली कच्ची जुळणी, लॉक करण्याआधी सिद्दी प्रेक्षकांना दाखवा. बाकीचे हसताना ते जिथं गप्प राहतात, तिथला टाइमकोड लिहून घ्या आणि पुन्हा एडिटला बसा.