क्लच गेला म्हणण्याआधी

(दृश्य: दांडिया बाजाराच्या मागची पत्र्याची शेड. रॅम्पवर चढवलेलं मोवर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र.)

पावसाळा उतरणीला लागला की बडोद्यात गवत ऐन भरात असतं, आणि नेमकी तेव्हाच ही यंत्रं दुरुस्तीला येतात. याचं इंजिन चालू होतं, गाडी पुढे-मागे जाते, पण पाती सुरू करायचं पिवळं बटण वर ओढलं तरी पाती हलत नाहीत. मैदानवाल्यांनी निदान करूनच पाठवलंय: क्लच गेला, नवा टाका.

(दृश्य: क्लच जवळून.)

इंजिनाच्या शाफ्टवर खालून बसवलेला हा क्लच. आत तांब्याच्या तारेची कॉइल. तिला १२ व्होल्ट मिळाले की चुंबक तयार होतं, चकती खेचली जाते आणि पट्टा पात्यांना फिरवतो. वीज तुटली की स्प्रिंगा चकतीला ब्रेकवर दाबतात. यात विजेने जळण्यासारखी गोष्ट एकच, ती कॉइल. म्हणून सगळे तिच्यावरच संशय घेतात.

(दृश्य: कलाभवनाचा घुमट.)

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, कारागिराला शास्त्रही यावं म्हणून. इथे दुरुस्ती करणारे आमचे काका तिथे शिकलेले नाहीत. घुमट सुरेख दिसतो, म्हणून दाखवला. पण मोजल्याशिवाय हात न लावण्याची त्यांची सवय त्या इमारतीला शोभली असती.

(दृश्य: मीटरचा पडदा.)

किल्ली बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी, कॉइलचा प्लग काढलेला. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली: ०.३ ओम. हा मीटरच्या वायरींचाच रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा. मग कॉइल: ३.२. वजा करता २.९. अशा बहुतेक कॉइल अडीच ते चार ओमच्या असतात. नेमका आकडा यंत्राच्या पुस्तिकेत मिळतो. कॉइल आणि बॉडी यांच्यात जोड नाही. म्हणजे कॉइल शाबूत.

आता बॅटरी जोडली. पोऱ्या सीटवर बसला, किल्ली फिरवली, बटण ओढलं. कॉइलला वीज आणणाऱ्या प्लगवर १२.४ व्होल्ट. इथेच माणूस फसतो, कारण मीटर नावापुरताच करंट ओढतो. तेवढा करंट खराब जोडातूनही जातो, मग व्होल्ट पूर्ण दिसतात.

"लोड टाकून बघ रे," काका म्हणतात.

(दृश्य: स्कूटरच्या हेडलाइटचा जुना बल्ब.)

क्लचऐवजी त्याच प्लगला लावलेला ३५ वॉटचा हा बल्ब जवळपास ३ अँपिअर ओढतो. क्लचला साधारण ४ लागतात. बल्ब लालसर, मीटर ७ वर. म्हणजे वाटेत पाचएक व्होल्ट गळतायत. बल्ब तसाच पेटता ठेवून काका मागे मागे सरकतात, प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावत. फ्यूज होल्डर ०.१. किल्लीचा स्विच ०.२. पिवळ्या बटणामागचा प्लग... ४.९.

(दृश्य: उघडलेला प्लग. हे नीट बघा.)

पिनांवर हिरवट थर, एका बाजूचं प्लास्टिक वितळलेलं. ओल शिरली, जोड सैल झाला, जोड तापला, तापला म्हणून आणखी सैल झाला. नवे टर्मिनल दाबून बसवले, चिमूटभर ग्रीस लावलं. बल्ब पांढराशुभ्र, मीटर १२.१. नव्या क्लचचं कोटेशन अजून टेबलावर पडलेलं आहे. तो क्लचही याच प्लगमागे उपाशी राहिला असता.

(दृश्य: फीलर गेज, फट मोजायच्या पातळ पट्ट्या.)

क्लच उघडा आहेच, तर चकती आणि चुंबकाच्या बाजूमधली फटही तपासली. चकती झिजते तशी फट वाढते. तांबं तापलं की रोधही वाढतो, ८० अंशांनी तापलं तर सुमारे तीस टक्के, आणि करंट घटून चुंबक कमजोर होतं. गार असताना चालणारा क्लच अर्ध्या तासाने सुटतो, त्यामागे बऱ्याचदा हीच जोडी असते. क्लचच्या कडेच्या तिन्ही खिडक्यांत गेज घालून, नट थोडे थोडे आवळून फट ०.४ मिलिमीटरवर आणली. हे मापही मॉडेलनुसार बदलतं.

चालक उठला की पाती थांबवणाऱ्या सीटखालच्या स्विचला कुणीतरी वायरचा तुकडा जोडून ठेवला होता. त्यामुळे तो उठला तरी पाती फिरतच राहिली असती. काकांनी तो तुकडा कापून टाकला. दुपारी टेम्पो आला.