आधी पंजा, मग ग्रॅम

(दृश्य: काळं टेबल, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा, आकडा शून्यावर)

काट्यावर पहिला येतोय लॉजिटेकचा जी५०२ हीरो, संगणकावर खेळणाऱ्यांचा माउस. वायर टेबलाला टेकली की काटा चुकीचं वजन दाखवतो, म्हणून ती वर दांडीला टेपने अडकवली आहे. १२१ ग्रॅम. याच्याच खोक्यात ही पाच वजनं मिळायची, प्रत्येकी ३.६ ग्रॅमची. तळाचं झाकण उघडून ती आत बसवायची आणि माउस आणखी जड करायचा. २०१४ साली या घराण्यातला पहिला माउस आला, तेव्हा जड म्हणजे दणकट अशीच समजूत होती.

शेजारी जी३०४, सेल आत घातलेला. ९९ ग्रॅम. आणि हा पांढरा, जी प्रो एक्स सुपरलाइट, ६३ च्याही आत.

तिन्ही माउसना दोन मुख्य बटणं, एक चाक आणि पोटाशी एक सेन्सर. मग मधले ५८ ग्रॅम गेले कुठे? त्यासाठी आत डोकवावं लागेल.

(दृश्य: उघडलेला माउस, वरच्या कवचाची आतली बाजू)

कवचाच्या आतून गेलेल्या या बारीक फासळ्या बघा. प्लॅस्टिकची भिंत नुसती पातळ केली तर बोटाच्या दाबाने ती आत जाते. फासळ्यांचा आधार दिला की पातळ भिंतही ताठ राहते. हे गणित नीट जुळेपर्यंत, २०१९ च्या सुमारास, कवचालाच भोकं पाडण्याची पद्धत जोरात होती. फायनलमाउसचा एअर५८ नावाप्रमाणे ५८ ग्रॅमचा, ग्लोरियसचा मॉडेल ओ ६७ ग्रॅमचा, आणि दोघांची पाठ मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. त्या भोकांतून धूळ आणि घाम आत उतरतो. काही तळहातांना कडा टोचतात. २०२० मध्ये सुपरलाइट अखंड पाठ घेऊन आला. रेझरचा वायपर व्ही२ प्रो २०२२ मध्ये ५८ ग्रॅमवर आला आणि व्ही३ प्रो २०२४ मध्ये ५४ वर. त्यांच्याही पाठीला भोकं नाहीत.

बाकीचे ग्रॅम असेच इथून तिथून गेले. रंगीत दिवे गेले, सर्किटची पाटी आखूड झाली. २५०-३०० मिलिअँपिअर-तासांची चपटी लिथियम बॅटरी सहा-सात ग्रॅमची असते, तर साधा अल्कलाइन पेन्सिल सेल (डबल ए) तेवीसच्या आसपास.

आणि बटणं गेली. इथे जरा थांबूया. हा २०१८ चा जी प्रो वायरलेस, ८० ग्रॅम. याच्या दोन्ही कुशींची बटणं काढता-लावता येतात, त्यामुळे डावखुरा खेळाडू अंगठ्याची बटणं आपल्या बाजूला घेऊ शकतो. सुपरलाइटमध्ये उजव्या कुशीला बटणाची सोयच उरली नाही. आकार दोन्हीकडून सारखा, पण डावखुऱ्याच्या अंगठ्याखाली कोरी भिंत. वजन उतरवताना हे व्हायला नको होतं.

(दृश्य: वरून टिपलेला हात, पॅडवर आडवा झपाटा, संथ गतीत)

आता वजनाचा हाताशी काय संबंध, ते या चित्रात दिसतं. व्हॅलोरंट या खेळात माउस ८०० डीपीआयवर (म्हणजे माउस इंचभर सरकला की ८०० मोजणाऱ्या वेगावर) आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी ०.४ वर ठेवली, तर पडद्यावर एक पूर्ण गिरकी घ्यायला माउस ४१ सेंटिमीटर सरकवावा लागतो. नुसतं मागे वळून बघायचं तरी वीतभर हात जातो. पॅड संपतं. मग माउस उचलायचा, मधे आणायचा, टेकवायचा. एका सामन्यात हे किती वेळा होतं ते या फितीत मोजून बघा.

आणि उचलताना माउस पेलतं कोण? एका बाजूने अंगठा, दुसऱ्या बाजूने अनामिका आणि करंगळी. खालून काहीच आधार नाही. दोन बाजूंच्या घर्षणावर माउस लोंबतो. वजन जेवढं जास्त, तेवढा चिमटा घट्ट. कुशी घामाने निसरड्या झाल्या की त्याच वजनाला चिमटा आणखी घट्ट.

(दृश्य: अंगठ्याच्या नखाचा निकटचा शॉट)

चिमटा घट्ट झाला की नखाचं टोक पांढरं पडतं. ही खूण लक्षात ठेवा.

माउस निवडायचा तो हा चिमटा सैल पडावा म्हणून. ग्रॅम हा त्यातला एक भाग. भिंतीचा पोत, दोन कुशींमधलं अंतर आणि पाठीचा उंचवटा यांचाही त्यात तेवढाच वाटा असतो. या कुशीवर चिकटवलेली खरखरीत ग्रिप टेप बघा. तिने माउसचं वजन ग्रॅम-दीड ग्रॅमने वाढलं, पण घामेजल्या हाताला आता कमी जोर लावावा लागतो. खोक्यावरच्या आकड्यात हे कुठेच येत नाही.

(दृश्य: माउसच्या पाठीवर टेपने चिकटवलेली नाणी)

पैसे खर्च करण्याआधी वजनाचा फरक घरीच करून बघता येतो. दहा रुपयांचं दुरंगी नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. पाच नाणी म्हणजे ३८-३९ ग्रॅम. आपल्या माउसवर ती दोन्हीकडे सारखी वाटून चिकटवा, बोटांच्या जागा मोकळ्या ठेवा आणि अर्धा तास खेळा. मग नाणी काढून पुन्हा खेळा. पहिली दहा मिनिटं निशाणा पुढे पुढे जाईल, कारण हाताला जड माउस थांबवायची सवय लागलेली असते. नवा हलका माउस घेतल्यावर पहिले काही दिवस नेमकं हेच होतं, आणि पुष्कळ जण तेवढ्यावरून सेन्सर खराब आहे असं ठरवून टाकतात. नाणी लावण्या-काढण्याने हाताला काहीच फरक जाणवला नाही, तर फक्त हलकेपणासाठी नवा माउस घेऊ नका.

(दृश्य: शाळेतला आलेख कागद, त्यावर पसरलेला पंजा, पेन्सिलने काढलेली बाह्यरेषा)

हा शाळेतला आलेख कागद, मिलिमीटरच्या चौकटींचा. पंजा सपाट ठेवा, बोटं मिटलेली. मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या घडीपर्यंत लांबी. अंगठा सोडून चार बोटांच्या मुळांशी रुंदी. या पंज्याची लांबी १८.५ सेंटिमीटर आहे. खेळाडूंमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: पंज्याच्या लांबीच्या साठ टक्के माउसची लांबी. इथे तो १११ मिलिमीटर येतो. बाजारातले बरेचसे नावाजलेले माउस १२० ते १२८ चे असतात. मग ते सगळे बाद? तसं नाही. पुढचं ठरतं ते पकडीवर.

या पहिल्या हाताचा तळवा माउसच्या पाठीवर पूर्ण टेकलाय. अशा हाताला लांब आणि उंच माउस लागतो. रेझरचा डेथॲडर व्ही३ प्रो १२८ मिलिमीटर लांब, ४४ उंच आणि उजवीकडे उतरता आहे, तो या पकडीसाठीच. दुसऱ्या हाताची बोटं वाकलेली, फक्त तळव्याची मागची कड टेकलेली: ही पंजाची पकड. हिला उंचवटा मागच्या बाजूला हवा. १२५ लांब, ४० उंच सुपरलाइट या दोन पकडींच्या मधे कुठेतरी बसतो. तिसऱ्या हातात माउस फक्त बोटांच्या टोकांवर आहे, तळवा हवेत. इथे आखूड आणि बुटका माउसच चालतो, नाहीतर उभ्या हालचालीत त्याची शेपूट तळव्यावर आपटते.

चूक होते ती इथे. तळवा टेकवून धरणारा खेळाडू आकड्याला भुलून छोटा, पन्नास ग्रॅमचा माउस घेतो. पाठीला आधार मिळत नाही, म्हणून बोटं आवळतात. वजन निम्म्यावर आलं, चिमटा मात्र दुप्पट.

(दृश्य: लॅमिंग्टन रोड, काचेच्या कपाटातले माउस)

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा हा लॅमिंग्टन रोड. इथे माउस उघडून हातात घेऊ देणारं दुकान मिळालं तर पाच मिनिटं सत्कारणी लावा. दोन्ही कुशी अंगठा आणि अनामिकेने दाबा. कवच करकरलं तर चालेल, पण दाबाने बाजूचं बटण आपोआप लागलं तर तो माउस परत ठेवा. तळाचा मधला भाग दाबून बघा. तो फार आत जात असेल तर सेन्सर आणि पॅडमधलं अंतर खेळताना बदलत राहील. माउस कानाजवळ हलवा. चाकाचा थोडा खुळखुळ चालतो, बॅटरी आत हलल्याचा ठोका चालत नाही. मग तो एका पेन्सिलीवर आडवा तोलून धरा. समतोल साधारण सेन्सरच्या आसपास यावा. तो फार मागे येत असेल तर उचलताना शेपूट आधी खाली टेकते.

हजारो डीपीआयचे आकडे तेवढे सोडून द्या. पिक्सआर्टच्या ३३९५ या सेन्सरची मर्यादा २६,००० आहे, खेळणारे बहुतेक ४०० ते १६०० मध्ये राहतात. पोलिंग रेटचंही, म्हणजे माउस संगणकाला सेकंदात किती वेळा निरोप देतो त्याचंही, तसंच. १२५ हर्ट्‌झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांना एक निरोप, १००० म्हणजे १ मिलिसेकंद. हा फरक हाताला कळतो. ८००० वर तो ०.१२५ होतो, पण प्रोसेसरवर ताण येतो आणि बॅटरी कितीतरी लवकर उतरते.

(दृश्य: माउसखाली सरकवलेली सीडी)

उचलल्यावर सेन्सर किती उंचीवर वाचणं थांबवतो, तेही बघून ठेवा. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर असते. माउसचा तळ सीडीवर आणि सेन्सर तिच्या मधल्या भोकावर येईल असा ठेवून हलवा. एका सीडीवर पॉइंटर थांबला तर उत्तम. दोन सीड्यांवरही तो पळत असेल, तर प्रत्येक वेळी माउस उचलताना निशाणा सरकणार. बऱ्याच माउसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही उंची कमी करता येते.

(दृश्य: जी३०४, पाठीचं झाकण निघतं)

आता हातात असलेला माउस हलका करू. जी३०४ साठी स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. पाठीचं झाकण काढलं की मागच्या अर्ध्यात हा पेन्सिल सेल. तीन दहाच्या नाण्यांएवढं वजन, तेही शेपटीकडे. बिनतारी माउसचे निरोप पकडणारा, संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर ठेवायचा कप्पाही इथेच आहे. तो रिकामा असल्याची खात्री करा.

डबल ए सेल ५०.५ मिलिमीटर लांब असतो, ट्रिपल ए ४४.५. दोन्ही दीड व्होल्टचे, म्हणून माउसला फरक पडत नाही. ट्रिपल ए लिथियम सेल साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याला डबल एच्या मापाची प्लॅस्टिकची नळी मिळते. सेल नळीत सरकवा, अधिक-उणे टोकं खूण पाहून जुळवा, आत बसवा. पुन्हा काटा. ८५ च्या आसपास. पेन्सिलीवर ठेवल्यावर समतोल पुढे सरकलेला दिसतो, आणि हाताला चौदा ग्रॅमपेक्षा तोच जास्त जाणवतो.

नळीऐवजी ॲल्युमिनियमच्या कागदाचा बोळा उणे टोकाला कोंबण्याची युक्ती पुष्कळ जण करतात. बोळा सैल झाला तर संपर्क तुटतो आणि ऐन चकमकीत माउस मरतो. कागदाचा तुकडा सेलच्या दोन्ही टोकांत पडला तर सेल तापतो. नळीच वापरा. सेल आता निम्म्याहून कमी दिवस टिकेल, खिशात दुसरा असू द्या.

रिसीव्हर संगणकाच्या पाठीमागे यूएसबी ३ च्या पोर्टला लावला की त्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींत मिसळतो आणि पॉइंटर अडखळतो. एक्स्टेंशन वायरने तो पॅडपासून वीतभर अंतरावर आणा.

(दृश्य: हेअर ड्रायर, चिमट्याने निघणारी जुनी पट्टी)

तळाच्या पट्ट्या झिजल्या की हलका माउसही घासत जातो. ड्रायरची कोमट हवा अर्धा मिनिट, मग कड उचला. जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढा. त्याचा एक कण राहिला तरी नवी पट्टी तिरपी बसते. नव्या पट्ट्या शुद्ध पीटीएफईच्या (म्हणजे टेफ्लॉनच्या), गोल कडांच्या घ्या. चिकटवल्यावर माउस काचेवर ठेवून चारही कोपरे दाबा. तो डुगडुगला तर एक पट्टी वर राहिली आहे. पुष्कळ माउसचे स्क्रू या पट्ट्यांखालीच असतात, आणि ते फिरवले की वॉरंटी बहुधा संपते.

(दृश्य: पावसाळी खिडकी, खाली ओलसर कापडी पॅड)

जुलैत कोकणपट्टीत कापडी पॅड हवेतली ओल पितं आणि जड होतं. मार्चमध्ये सरकणारा माउस तोच, पट्ट्या त्याच, तरी हात अडतो. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, हलक्या हाताने चोळायचं. पिळायचं नाही, सावलीत सपाट वाळवायचं. दमट हवेने क्लिकच्या स्विचमधले धातूचे टोकही काळवंडतात, मग एका क्लिकचे दोन होतात. ऑप्टिकल स्विचमध्ये क्लिकची नोंद प्रकाशाने होते, त्यामुळे ही तक्रार तिथे येत नाही.

मनगट दुखत राहिलं किंवा बोटांत मुंग्या आल्या तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

(दृश्य: पुन्हा अंगठ्याचं नख, खेळ चालू)

तोच खेळाडू, तोच पॅड. हातात ८५ ग्रॅमचा जी३०४, कुशींना ग्रिप टेप. खेळ सुरू होऊन चाळीस मिनिटं झाली आहेत. माउस उचलतोय, टेकवतोय. नखाचं टोक बघा.