औषधाच्या दुकानातलं रॉकेल

मित्रहो, शोधकांच्या बालपणाचा विषय निघाला की आपण अलौकिक बुद्धीच्या गोष्टी सांगतो. मला ज्या मुलाबद्दल बोलायचं आहे, त्याची शाळाच अर्धवट सुटली होती. इग्नात्सी वुकाशेविच, पुढे खनिज तेलातून दिव्याचं रॉकेल वेगळं काढणारा. जन्म १८२२, गॅलिशियात. तेव्हा तिथे ऑस्ट्रियाचं राज्य होतं, आज तो प्रदेश पोलंड आणि युक्रेनमध्ये विभागलेला आहे. घरची ओढाताण, त्यात वडील गेले. चौदाव्या वर्षी पोरगा औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला.

त्या काळी औषधं दुकानातच तयार होत. खलायचं, तोलायचं, अर्क काढायचे. कुठल्या आचेला काय उडून जातं आणि काय तळाशी राहतं, हे रोज डोळ्यांसमोर. मला वाटतं, पुढे खनिज तेलाला नेमकं हेच ज्ञान हवं होतं.

कारण खनिज तेल हा एक पदार्थ नाहीच. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या असंख्य रेणूंचं ते मिश्रण. एक कार्बन, चार हायड्रोजन म्हणजे मिथेन, तो वायू. साखळी पाच ते बारा कार्बनांची झाली की पेट्रोल, साधारण दहा ते सोळांची झाली की रॉकेल, त्यापुढे डिझेल, वंगण आणि शेवटी डांबर. साखळी जितकी लांब, तितके रेणू एकमेकांना घट्ट धरतात आणि त्यांना उकळायला उष्णता जास्त लागते. म्हणून तेल तापवून वाफा वेगवेगळ्या तापमानाला थंड केल्या की भाग सुटे होतात. रॉकेल साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान निघतं.

आता दिव्याचा विचार करा. फार हलका भाग भरला तर भडका उडण्याचा धोका, जड भाग भरला तर वातीवर नीट चढणार नाही, काजळी धरेल. हवा तो मधलाच. १८५३ मध्ये गॅलिशियातल्याच ल्विव्ह शहरातल्या (आज युक्रेनमध्ये) औषधाच्या दुकानात वुकाशेविच आणि त्याचा सहकारी यान झेह यांनी तो वेगळा काढला आणि गंधकाम्ल व सोड्याने शुद्ध केला. या सहकाऱ्याचं नाव अनेकदा गाळलं जातं, ते योग्य नाही. आद्रियान ब्रात्कोव्स्की नावाच्या पत्र्याच्या कारागिराने दिवा घडवला. ३१ जुलै १८५३ च्या रात्री तिथल्या रुग्णालयात एक तातडीची शस्त्रक्रिया त्या उजेडात झाली. पुढच्याच वर्षी गॅलिशियातल्याच बोब्रका गावी तेलाच्या विहिरीचं काम सुरू झालं.

त्या काळात पेट्रोलाला मात्र फारसं गिऱ्हाईक नव्हतं. डाग काढायला वगैरे तो हलका भाग औषधाच्या दुकानातच मिळे. १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मानहाइमहून माहेरी निघाल्या, तेव्हा वाटेत वीसलोखच्या औषधाच्या दुकानात थांबून त्यांनी इंधन म्हणून तेच विकत घेतलं.