ड्रमस्टिकचं वजन नेमकं कुठे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

ड्रम वाजवायची काडी, म्हणजे ड्रमस्टिक, घ्यायला दुकानात गेलं की काउंटरवरून विचारतात, "कुठला नंबर देऊ?" आणि बहुतेक जण "५ए द्या" म्हणून मोकळे होतात. त्यात वावगं काही नाही. पण नंबरावरून स्टिकची जाडी कळते, थोडीफार लांबी कळते. ती हातात कशी वागेल, हे मात्र कळत नाही. ते ठरतं वजन टोकाकडे किती आणि बुडाकडे किती, यावर. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी नंबराचं उरकून घेऊ. आकडा जितका लहान, तितकी स्टिक जाड. ७ए साधारण १३.७ मिलिमीटर जाड आणि साडेपंधरा इंच लांब. ५ए सुमारे १४.४, ५बी १५.१ आणि २बी १६ मिलिमीटर. या तिघी बहुधा १६ इंची. अक्षरांची विभागणी जुनी आहे. ए म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी, बी बँडसाठी आणि एस रस्त्यावरून चालत वाजवणाऱ्यांसाठी. आता ती कुणी फारशी पाळत नाही. आकडे सगळ्या कंपन्यांचे जुळतातच असंही नाही, त्यामुळे कंपनी बदलली की तोच नंबर डोळे मिटून उचलू नये.

आता वजनाकडे येऊ. दांडा बराच भाग एकसारखा जाड असतो आणि टोकाच्या अलीकडे निमुळता होत जातो. हा उतार लांब असेल तर पुढचं लाकूड कमी होतं, स्टिक लवचीक बनते आणि आघातानंतर चटकन उसळून परत येते. राइड सिंबलवर, म्हणजे ताल सतत धरून ठेवणाऱ्या मोठ्या झांजेवर, बारीक, जलद वाजवणाऱ्याला ही सोयीची. उतार आखूड असेल तर खांद्यापाशी, म्हणजे उतार सुरू होतो तिथे, लाकूड भरपूर राहतं. घाव जड बसतो, स्टिक जास्त दिवस टिकते, पण ती परत उचलायला मनगटाला राबावं लागतं. म्हणजे दोन्ही ५एच असून एक हलकी वाटते आणि दुसरी हात भरून आणते. क्रिकेट खेळणारा बॅट घेताना आधी तिचा पिकअप, म्हणजे उचलताना ती किती जड लागते ते, बघतो ना, तसाच हा प्रकार आहे.

हे तपासायचं कसं? स्टिक एका बोटावर आडवी तोलून धरा. तोल कुठे साधतो ते बघून तिथे पेन्सिलीने खूण करा. दुसऱ्या मॉडेलचंही तसंच करा आणि दोन्हींची बुडं जुळवून खुणा पाहा. जिची खूण टोकाच्या जास्त जवळ, ती पुढून जड. मग अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये, बुडापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर स्टिक सैल धरून प्रॅक्टिस पॅडवर सोडा. किती वेळा उसळते ते मोजा. पकड अर्धा-अर्धा इंच पुढेमागे करत जा. जिथे सर्वात जास्त उसळ्या मिळतात, ती त्या स्टिकची धरायची जागा. आता ती जागा तुमच्या हाताला सोयीची पडते का, ते बघा. नसेल तर स्टिक कितीही नामांकित असो, ती तुमची नव्हे. प्रसिद्ध ड्रमरची सही छापलेली मॉडेलं त्याच्या हातासाठी, त्याच्या सेटसाठी बनवलेली असतात, एवढं लक्षात ठेवावं.

लाकडं मुख्यतः तीन. हिकरी सर्वात जास्त खपते, कारण ती आघाताचा झटका बराचसा स्वतःत जिरवते. मेपल त्याच जाडीत हलकी. जाड स्टिक हातात हवी पण आवाज आवरायचा आहे, अशा वेळी ती घ्यावी. रिमशॉट, म्हणजे ड्रमचा पडदा आणि कड यांवर एकदम बसणारा घाव, मारणाऱ्याच्या हातात मात्र ती लवकर झिजते. ओक वजनदार आणि चिवट, पण झटका हातापर्यंत पोचवते. शिवाय हिकरीचे आधी तंतू निघतात, तर ओक बरेचदा काही न सांगता मोडते.

टोकाचा फरक सिंबलवर ऐकू येतो. लहान गोल टोक सिंबलला थोड्याच जागी स्पर्श करतं, म्हणून आवाज सुटा, स्वच्छ. पिंपासारखं किंवा मोठं टोक जास्त जागा व्यापतं, म्हणून आवाज भरीव आणि पसरट. थेंबाच्या आकाराच्या टोकात स्टिकचा कोन बदलला की आवाज बदलतो. जॅझ वाजवणाऱ्यांना हे आवडतं, शिकाऊ हाताला त्याने गोंधळ होतो. नायलॉनच्या टोकाचा आवाज चमकदार येतो आणि ते लाकडासारखं चिरफळत नाही. पण ते सैल झालं तर वाजवता वाजवता उडून जातं, म्हणून अधूनमधून पिळून बघावं.

मग कुठल्या वाजवण्याला काय? हॉटेलातलं किंवा छोट्या हॉलमधलं मंद वादन असेल तर ७ए, लांब उताराची. तेही जास्त वाटलं तर बारीक काड्यांची मोळी बांधलेले रॉड्स किंवा तारांचे ब्रश. ब्रश मात्र खरखरीत, कोटेड हेडवरच, म्हणजे ड्रमच्या तशा पडद्यावरच घासावेत. गुळगुळीत पारदर्शक हेडवर ती सळसळ येत नाही. हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात ५ए हिकरी बरी, कारण एकाच कार्यक्रमात संथ गाणंही येतं आणि ढिंच्यॅकही. संथ गाण्यात स्नेअरच्या, म्हणजे खाली तारा लावलेल्या खणखणीत ड्रमच्या, कडेवर स्टिक आडवी ठेवून जो टक्-टक् आवाज काढतात, त्यासाठी स्टिक उलटी धरून जाड बूड कडेवर आणा. ७एने हा आवाज पोकळ आणि किरकोळ येतो. उघड्यावर, गणपतीत बेंजो पार्टीबरोबर स्नेअर आणि रोटो हे छोटे ड्रम वाजवायचे असतील तर ५बी. २बी तिथे लागतेच असं नाही. आवाज कमी पडतो म्हणून जाड स्टिक घेणाऱ्याचा हात बरेचदा नुसता अर्ध्या उंचीवरून पडत असतो.

ऑक्टोपॅड किंवा इलेक्ट्रॉनिक सेटवर आवाज मशीनमधून येतो, त्यामुळे टोकाच्या आकाराने सुरात काही बदल होत नाही. तिथे फक्त वजन आणि उसळी बघा. मात्र जाळीचं हेड असेल तर टवका उडालेलं लाकडी टोक ते फाडतं. त्यासाठी नायलॉन टोकाची जोडी वेगळी ठेवावी. सिंबलवर वाजवलेली स्टिक धातूची काळी पावडर घेऊन येते आणि पांढरी जाळी काळवंडते, तेही टळतं.

लहान मुलांसाठी १३-१४ इंची बारीक जोडी मिळते. १६ इंची ५बी दिली तर मूल ती मध्यावर धरायला शिकतं आणि ती सवय मोडताना फार त्रास होतो. ताशा वाजवून आलेल्यांना सुरुवातीला ड्रमस्टिक जड वाटते. त्यांनी ७ए किंवा लांब उताराची ५ए घ्यावी आणि मूठ घट्ट करायचं टाळावं.

घट्ट मूठ हेच फोडांचंही सर्वात मोठं कारण. दुसरं कारण घाम. चकचकीत वार्निशवर घामाने स्टिक सटकते, म्हणून हात आवळला जातो. धरण्याच्या जागेपुरतं २२० नंबरच्या पॉलिश पेपरने वार्निश घासून काढा किंवा बिनवार्निशची घ्या. ग्रिप टेप गुंडाळली की वजन मागे सरकतं, तेव्हा तोल पुन्हा बघून घ्यावा.

स्टिक खांद्यापाशी खरवडली जाते, ते हायहॅटच्या, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या सिंबलच्या जोडीच्या, कडेमुळे आणि रिमशॉटमुळे. ही नेहमीची झीज आहे. पण नवी जोडी दर आठवड्याला त्याच जागी मोडत असेल, तर दोष लाकडाचा नाही. क्रॅश सिंबल, म्हणजे जोराच्या ठोक्यासाठीची झांज, फार सपाट किंवा फार उंच लावलेला असतो आणि स्टिक त्याच्या धारेवर सरळ आपटते. सिंबल थोडा तुमच्याकडे कलवा, घाव तिरका घसरता द्या.

विकत घेताना प्रत्येक स्टिक काचेच्या काउंटरवर लोटून बघा. टोक डुगडुगलं तर ती वाकडी. लाकडाच्या रेषा बुडापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. मानेपाशी, म्हणजे टोकाच्या लगेच मागे, तिरक्या बाहेर पडत असतील तर तिथेच मोडेल. मग दोन्ही आळीपाळीने लाकडी टेबलावर सैल हाताने वाजवून ऐका. एकीचा सूर चढा आणि दुसरीचा उतरता असेल, तर राइडवर दोन हातांचे दोन आवाज येणार.

शक्य असेल तर एकाच मॉडेलच्या तीन जोड्या घ्याव्यात. घरी डिजिटल काट्यावर सहाही स्टिक तोलून प्रत्येकीच्या बुडावर ग्रॅम लिहून ठेवा. एक मोडली की उरलेल्यांतून वजनाने आणि सुराने जवळची निवडून नवी जोडी लावता येते. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्या कोपऱ्यात उभ्या टेकवून ठेवू नका, पिशवीत आडव्या ठेवा. गाडीच्या डिकीत उन्हात राहिल्या तर वाकतात, आणि वाकलेली स्टिक पुन्हा सरळ होत नाही.